आधी दगड, मग जीव

रविवार, ३ मार्च १९९६
सकाळचे आठ वाजून वीस मिनिटे. आपली टेकडी, ८९ नंबरच्या दगडापाशी.

अझीझी हद्दू,
थोरल्या भावाला धाकट्या बूझियानचा सलाम.

८९ नंबरचा दगड मी आत्ताच उचलला, खाली पाहिले, परत ठेवला, आणि त्याच्या शेजारी बसून हे लिहायला घेतले आहे. घरी लिहिले की यम्मा म्हणते, वाचून दाखव. तिला वाचून दाखवता येईल असे पत्र तुला लिहिण्यात अर्थ नाही. तुझा पत्ता मनीऑर्डरच्या पावतीवरून उतरवून घेतला. तीनदा ताडून पाहिला. तरी चुकला असेल तर टपालवाल्याने हे फाडून टाकावे, दुसऱ्या कोणी वाचू नये.

गेल्या ऑक्टोबरपासून मला काम आहे. नझीहाबाई म्हणून विद्यापीठातल्या एक बाई आहेत. आपल्या टेकडीवरच्या आणि खालच्या बाजूच्या अल्लालकाकांच्या उतारावरच्या मिळून २४० दगडांवर त्यांनी पांढऱ्या रंगाने नंबर घातले आहेत. दर दुसऱ्या रविवारी मी प्रत्येक दगड उचलतो आणि खाली कोण आहे ते लिहितो. कोण म्हणजे आंधळे. पिवळ्या अंगावर काळे चौकोन, करंगळीएवढे जाड, पाय नाहीत, डोळे मोहरीच्या टोकाएवढे. गाव त्याला साप समजून टाचेखाली घेते. चावला तर कफन आणायलाही वेळ मिळत नाही, असे अजून सांगतात. बाई म्हणतात तो साप नव्हे, सरड्यांच्याच लांबच्या नात्यातला आहे, आणि कोणाला मारण्याइतके विष काय, चीडही त्याच्यात नाही. हातात घेतला की तो फक्त वेटोळे करतो आणि वाट बघतो. मी आजवर सहाशे वेळा तरी हातात घेतला असेल.

प्रत्येकाच्या मानेवरचे चौकोन वेगळे असतात. मी ते चौकटीच्या वहीत पेन्सिलीने काढतो आणि प्रत्येक मानेला नंबर देतो. आतापर्यंत १४३ माना झाल्या. बाई म्हणाल्या, बूझियान, तू किती शिकलास? मी म्हणालो, पाचवीपर्यंत. त्या म्हणाल्या, माझे दोन विद्यार्थी अशी रेघ मारू शकत नाहीत. हे मी फुशारकी म्हणून लिहिले नाही. त्या म्हणाल्या म्हणून लिहिले.

कामाचा नियम एकच आहे, पण तो मोडून चालत नाही. दगड उचलला की जीव बाजूला घ्यायचा. मग दगड होता तसा, त्याच खळग्यात, त्याच तोंडाने परत बसवायचा. आणि मग जीव दगडाच्या कडेला सोडायचा, म्हणजे तो आपला आपण माती फिरवत आत जातो. आधी दगड, मग जीव. उलटे केले तर आपल्याच हाताने तो चिरडतो. मी दगड ठेवल्यावर दोनदा बघतो, पुढे गेल्यावर कधीकधी परत येऊन बघतो. बाई हसतात. म्हणतात, इतके नको.

आता एक गोष्ट. ८८ नंबर म्हणजे तो बांधाचा मोठा धोंडा, तुला माहीत आहे तो. त्याच्याखाली एकदाही कोणी सापडलेले नाही. आणि तिथून सात पावले खाली हा ८९ आहे, भाकरीएवढा चपटा दगड, अल्लालकाकांच्या बदामांच्या मधोमध. याच्याखाली मात्र दर वेळी जोडी असते. मान नंबर ३१ आणि मान नंबर ३२. आजही होती. बाईंनी विचारले, एवढे मोठे छप्पर मोकळे टाकून ही दोघे या तुकड्याखाली का राहतात? मी म्हणालो, माहीत नाही.

बाबांना बरे नाही. थंडीतला खोकला अजून गेला नाही. तुझे नाव ते घेत नाहीत, ते तुला सांगायला नको. पण गेल्या गुरुवारी टपालवाला येऊन गेल्यावर त्यांनी विचारले, "कुठून होतं?" यम्मा म्हणाली, "वीजबिल." ते भिंतीकडे वळून झोपले.

जमले तर ये.

तुझा भाऊ,
बूझियान


रविवार, १७ मार्च १९९६
दुपारचे बारा वाजून पाच मिनिटे. मोजणी १६१ पर्यंत झाली आहे. भाकरी खाऊन लिहितो आहे.

अझीझी,

उत्तर आले नाही. अजून चौदाच दिवस झाले, म्हणून मी काही धरून बसलेलो नाही.

मंगळवारी बाबांना शहरातल्या डॉक्टरकडे नेले. अल्लालकाकांनी गाडी ठरवून दिली आणि स्वतः सोबत आले. डॉक्टरने छातीचा फोटो काढला, तो उजेडात धरला आणि बाबांना विचारले, मुलगे किती? बाबा म्हणाले, "एक." डॉक्टरने मला बाहेर बोलावून सांगितले की फुफ्फुसात पाणी आहे, हृदय मोठे झाले आहे, घरी न्या, मीठ देऊ नका. मी विचारले, किती दिवस? तो म्हणाला, उन्हाळा धरू नका. हे मी यम्माला सांगितलेले नाही. तुला सांगतो आहे.

यम्माने मला मागचे पत्र टाकताना पाहिले होते. ती म्हणाली, "काय लिहिलंस?"
"सलाम लिहिला."
"चार पानं सलाम?"
"अक्षर मोठं काढलं."
"त्याला लिही, त्याची खोली मी अजून झाडते. आणि लिही, मला चिडवायला तो नाही म्हणून माझी भाकरी आता करपत नाही." मग म्हणाली, "नको. हे नको लिहूस." मी लिहिले आहे.

आज बाई आल्या होत्या. त्या फार बोलत नाहीत, पण दगड उचलता उचलता सांगतात. आंधळा डोके आधी एका अंगाला फिरवतो, मग दुसऱ्या अंगाला, आणि तसा मातीत शिरतो. मुंग्या, त्यांच्या अळ्या, शंखातल्या गोगलगायी खातो. ऊन खायला बाहेर येत नाही. दगड तापला की वर सरकतो, निवला की खाली जातो, त्याचा सगळा दिवस या चार बोटांत होतो. मादी अंडी घालत नाही. एक वर्षाआड, उन्हाळा सरताना, चारपाच पिले देते. आणि ते लांब जात नाहीत. ज्या दगडाखाली पहिल्या वर्षी सापडला त्याच दगडाखाली तिसऱ्या वर्षीही सापडतो. जोडीदाराला वासाने ओळखतात. मी विचारले, आणि कोणी दगडच नेला तर? बाई म्हणाल्या, "तर काय. त्यांचं घर जमीन आहे, दगड नुसतं छप्पर. छप्पर गेलं तर दुसरं मिळेपर्यंत तग धरतील, नाहीतर मरतील. ते काही दगडामागे चालत जाणार नाहीत."

तेवढ्यात अल्लालकाका खेचरावरून आले.
"काय बाई, सापडला का खजिना?"
"सापडला, पण तुमच्या बांधाच्या धोंड्याखाली नाही. त्याखालची माती विटेसारखी कडक आहे. जुनी पायवाट असावी. तिथं कोणी धोंडा ठेवला?"
"ठेवला नाही, चालत आला. तो चालणारा धोंडा आहे."
"म्हणजे?"
"याच्या थोरल्या भावाला विचारा. त्याच्या हातात अशी बरकत होती की संध्याकाळी इथं असलेला धोंडा सकाळी माझ्या सातूत. आता म्हणे स्पेनमध्ये काचेच्या घरात टमाटे तोडतो. तिथल्या लोकांना सांगा, रोज भिंती मोजून घ्या."

आणि खिशातून मूठभर बदाम काढून त्यांनी माझ्या हातात ठेवले. "घे रे पोरा. तू बापावर गेलास, बरं झालं."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी पेन्सिलीला टोक करत होतो. टोक आधीच केलेले होते.

मी काही बोललो नाही. घडले तसे लिहायची सवय लागली आहे, म्हणून लिहितो. मी काही बोललो नाही.

बूझियान


रविवार, ३१ मार्च १९९६
सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटे. मोजणी अजून सुरू केली नाही.

अझीझी हद्दू,

हे पत्र मी चार वेळा लिहिले. पहिल्यात लिहिले होते, "तो धोंडा सरकला." दुसऱ्यात, "तो धोंडा कोणाकडून तरी सरकला." मग मला माझीच किळस आली.

धोंडा मी हलवला.

बुधवार, १५ ऑक्टोबर १९८६. दुपारचे साडेचार असतील, तेव्हा माझ्याकडे घड्याळ नव्हते. मास्तरांनी सांगितले होते, जो कोणी आजवर वर्गात न आलेला जिवंत प्राणी आणील त्याला रंगीत पेन्सिलींची पेटी. मी चहाचा रिकामा डबा घेऊन टेकडीवर गेलो. तू वरच्या तुकड्यात नांगरट संपवून खेचर पाणी पाजायला नेले होतेस आणि पहार बांधावर टेकवून ठेवली होतीस. मला वाटले, सगळ्यात मोठ्या दगडाखाली सगळ्यात मोठा आंधळा असणार. मी पहार घातली आणि तिच्यावर लोंबकळलो. मला तो नुसता उचलायचा होता. तो उचलला गेला, कलला, आणि खालच्या बाजूला उलटला, एकदा, मग परत एकदा, आणि अल्लालकाकांच्या सातूच्या रानात जाऊन थांबला. मी त्याला मागे लोटायला गेलो. तो हललासुद्धा नाही.

खळग्यात दोन होते. एकमेकांत गुंतलेले. त्यांच्यावर ऊन पडले आणि ते असे तडफडायला लागले की मला डब्याचा विसरच पडला. मी एक चपटा दगड शोधला, भाकरीएवढा, आणि त्यांच्यावर झाकला. मग पळालो. माझी एक चप्पल धोंडा उलटताना निसटली होती, ती घरी पोचल्यावर लक्षात आली.

संध्याकाळी ती चप्पल उंबऱ्याशी दुसरीच्या शेजारी होती. चिखल पुसलेला. पहार आणायला फक्त तू गेला होतास.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होते, आणि तुला माहीत आहे हे मलाही पहिल्या दिवसापासून माहीत होते. हे वाक्य लिहायला मला दहा वर्षे लागली.

सकाळी अल्लालकाकांनी धोंडा पाहिला. त्यांच्या रानात आपला बांध, शेजारी तुझ्या पहारीची खूण, आदल्या दिवशी नांगर तुझा. पंच बसले. ते म्हणाले, सिद्दी यख्लफच्या दर्ग्यात शपथ घे, तुझ्या बापाच्या भावकीतले सहा जण तुझ्यासोबत शपथ घेतील, आणि विषय संपेल. सहाही जण तयार होते. बाबांनी धुतलेला जेल्लाबा घातला होता, कारण त्यांना कसली शंकाच नव्हती.

मी बाहेर खेचर धरून उभा होतो, पण दार उघडे होते. शपथेचे शब्द मला पाठ आहेत. "मी धोंडा हलवला नाही, आणि कोणी हलवला ते मला माहीत नाही." पहिले अर्धे वाक्य तू म्हणालास. मग चौकटीवर हात ठेवून तू बराच वेळ गप्प राहिलास. तू बाहेर माझ्याकडे पाहिले नाहीस. पाहिले असतेस तर मी बोललो असतो, असे मी स्वतःला सांगत आलो आहे. ते खरे आहे की नाही, मला ठरवता येत नाही. मग तू हात काढलास आणि म्हणालास, "मी शपथ घेत नाही."

दर्ग्यात खोटे बोलणारा माणूस आपल्याकडे कोणी पाहिलेला नाही, आणि शपथ न घेणारा म्हणजे गुन्हेगार, हे पाच वर्षांच्या पोरालाही कळते. बाबांनी तुझ्याकडे पाठ केली. पंचांनी दंड म्हणून धोंडा होता तिथे न ठेवता सात पावले वर, आपल्या बाजूला नेऊन बसवला. तिथे खेचराची वाट होती, म्हणून माती कडक आहे. खालच्या पट्ट्यात अल्लालकाकांनी बदाम लावले. तीन आठवड्यांनी तू गेलास. मी शाळा सोडली. सगळ्यांना वाटले, घरात हात कमी पडतो म्हणून.

८९ नंबर हा तोच चपटा दगड आहे. ३१ आणि ३२ ही तेव्हाचीच दोघे आहेत की त्यांची पिले, मी सांगू शकत नाही. तेव्हा मी माना काढल्या नव्हत्या. पण कोणीतरी तिथेच राहिले आहे.

मी बाबांना सांगणार आहे. तारीख लिहितो, म्हणजे मला पळता येणार नाही. पुढच्या मोजणीच्या आत, १४ एप्रिलच्या आत. पण हे मी सांगितले तरी अर्धेच होईल. ते तुला बघून जायला हवेत, आणि त्यांना वेळ थोडा आहे. गाडीला पैसे नसतील तर माझ्याकडे थोडे आहेत. ये.

बूझियान


शुक्रवार, १२ एप्रिल १९९६
संध्याकाळचे साडेसहा. हात दोनदा धुऊन बसलो आहे.

अझीझी,

सांगितले. परवा, बुधवारी, दुपारच्या नमाजानंतर. बाबा उशांना टेकून बसले होते, आता त्यांना आडवे होता येत नाही. मी सगळे सांगितले, पेन्सिलींच्या पेटीपासून चपलेपर्यंत. ते माझ्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघत होते. मी थांबल्यावर त्यांनी विचारले, "कुठल्या पायातली?"
"काय, बाबा?"
"चप्पल."
"डाव्या."
"बुधवारच्या बाजारातून आणल्या होत्या मी. मोठ्या येत होत्या तुला. मी म्हणालो, पाय वाढतील." मग बराच वेळ खोकले. यम्मा दारात उभी होती. तिच्या हातातले पीठ वाळत चालले होते, तरी ती हलली नाही.

ते म्हणाले, "शुक्रवारी मला दर्ग्याला न्या. तिथून धोंड्याकडे."
यम्मा म्हणाली, "डॉक्टरनं पायरी उतरू नका म्हणून सांगितलंय."
"डॉक्टरला मुलगे किती ते विचार," बाबा म्हणाले. "मी त्याला चूक आकडा सांगितला."

आज गाढवावर बसवून नेले. मी एका बाजूने धरले, यम्माने दुसऱ्या. दर्ग्यात पंचांपैकी जे चौघे हयात आहेत ते आले होते. मी चौकटीवर हात ठेवला आणि म्हणालो, "धोंडा मी हलवला. हद्दूला माहीत होतं, म्हणून त्याला शपथ घेता आली नाही." मला वाटले होते कोणीतरी थोबाडीत मारील. मारायला हवी होती.

अल्लालकाका शेवटी म्हणाले, "दहा वर्षं मी चुकीच्या पोराला शिव्या दिल्या आणि बरोबर पोराला बदाम." मग ते खाली बघत बाहेर गेले आणि दोन पहारी घेऊन आले. "आत्ताच. तुझा बाप मेझियान बघतोय तोवर."

बाबा खाली उतरले नाहीत, गाढवावरच बसून होते. अल्लालकाका, त्यांचा जावई आणि दोन पंच धोंड्याला लागले. तो जागचा सुटला तेव्हा मला सुचले. मी पुढे होऊन म्हणालो, "थांबा. मला आधी खालचा ८९ उचलू द्या."
"काय उचलू द्या?"
"खाली दगड आहे, चपटा. त्याच्याखाली जोडी आहे. एक मिनिट लागेल."
अल्लालकाकांचा चेहरा लाल झाला होता, पहार त्यांच्या पोटाशी होती. "तुझा बाप श्वास मोजतोय आणि तू साप मोजतोस?"

मी बाबांकडे पाहिले. त्यांचे ओठ निळे पडले होते. यम्मा म्हणाली, "सोड रे, बाळा." आणि मी काही बोललो नाही.

त्यांनी लोटला. उतार तोच, धोंडा तोच. एकदा, मग परत एकदा, मग तिसऱ्यांदा अर्धा, आणि तो आपल्या जुन्या खळग्यात असा बसला की जसा कधी उठलाच नव्हता. खालचा चपटा दगड फुटल्याचा आवाज मला आला. दुसऱ्या कोणाला आला नसेल.

बाबा म्हणाले, "हं." मग थोड्या वेळाने, "त्याला लिही, धोंडा जागेवर आहे. एवढंच लिही."

म्हणून लिहितो. धोंडा जागेवर आहे.

बाबांना घरी निजवून मी परत गेलो. अल्लालकाका तिथेच बसलेले होते, बदामाच्या झाडाला टेकून. मी म्हणालो, मला धोंडा एका अंगाने उचलून धराल का? त्यांनी कशाला म्हणून विचारले नाही. पहार घातली आणि धरून राहिले. मी चपट्या दगडाचे तुकडे काढले. ३१ मधोमध चिरडला होता. ३२ जिवंत होती, त्याच्यापासून चार बोटांवर, वेटोळे करून. पहिल्याच मोजणीत बाईंनी हिला तपासून सांगितले होते, म्हणून ती मादी आहे हे मला माहीत आहे. मी तिला डाव्या हातात घेतले, ३१ ला रुमालात. अल्लालकाकांना म्हणालो, सोडा, हळू. धोंडा बसला. मग तिला कडेला ठेवले. तिने जीभ बाहेर काढून माती चाटली, दोनदा. डोके एका अंगाला फिरवले, मग दुसऱ्या. आत जायला तिला एकावन्न सेकंद लागले. एरवी वीस लागतात.

"साप नाही म्हणते ना ती बाई?" असे काहीतरी अल्लालकाका विचारत होते. त्यांचे बोलणे मला नीट ऐकू आले नाही. "एवढ्यासाठी?" ते म्हणाले. "एवढ्या जिवासाठी हे सगळं झालं?"

मी म्हणालो, हो.

लवकर ये. मी हे पत्र उद्या सकाळी स्वतः शहरात जाऊन टाकतो.

बूझियान


सोमवार, २२ एप्रिल १९९६
सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. घरी. यम्मासमोर बसून लिहितो आहे.

अझीझी हद्दू,

तार केली होती. मिळाली की नाही, माहीत नाही. म्हणून परत लिहितो. बाबा मंगळवारी, १६ तारखेला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी गेले. त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर मातीत ठेवले. रविवारी आणि सोमवारी, दोन्ही दिवस त्यांनी मला विचारले, "टपालवाला?" मी म्हणालो, "उद्या येईल." मंगळवारी त्यांनी विचारले नाही. दाराकडे तोंड करून उशा लावायला सांगितल्या, तेवढेच.

तुला माफ केले असे ते म्हणाले नाहीत. मला केले असेही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी शब्दाला शब्द लिहिला असता.

पुढून खांदा अल्लालकाकांनी दिला. शेवटपर्यंत बदलला नाही.

टपालवाला गुरुवारी आला. तुझी मनीऑर्डर होती, ९ एप्रिलला पाठवलेली. पहिल्यांदाच ती बाबांच्या नावावर नव्हती, माझ्या नावावर होती. मागच्या बाजूला मजकुराची जागा कोरी. ९ तारखेला तुझ्याकडे माझे ३१ मार्चचे पत्र पोचलेले असणार, नाहीतर नाव बदलायचे कारण नाही. मी त्या कोऱ्या जागेकडे खूप वेळ पाहिले. उजेडात धरूनही पाहिले.

काल बाई आल्या. १४ ची मोजणी झाली नाही म्हणून मी माफी मागितली, रुमालातला ३१ दाखवला आणि नियम कसा मोडला ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत. आम्ही दोघांनी मिळून पहारीने धोंडा एका अंगाने उचलला. खाली एकच, ३२. बाईंना विचारले, आता ती काय करील? त्या म्हणाल्या, "माहीत नाही, बूझियान. अजून कोणी तेवढी वर्षं बसून पाहिलेलं नाही." मी वहीत लिहिले: नंबर ८८, जुन्या जागी. एक.

यम्मा म्हणते, हिशोब लिही. तुझे पैसे साखरेच्या डब्यात होते. २४ वेळा आले, बाबांनी एकदाही हात लावू दिला नाही. दफनासाठी डबा तिनेच काढला. भावकीतले कोणी म्हणाले, आम्ही देतो. ती म्हणाली, "पोरगा खांद्याला नव्हता. त्याचे पैसे तरी बापाबरोबर चार पावलं जाऊ देत."

डब्यात होते: १४,६०० दिरहम

खर्च
कफन, कापूर, अत्तर: २४०
कुराण वाचणारे, सहा जण: ३००
मांस, १८ किलो: ९९०
रवा, एक पोते: २१०
साखरेचे शंकू, १२: १३२
चहा: ९०
लाकूड, तेल, तार: १५८
एकूण: २,१२०
डब्यात शिल्लक: १२,४८०

देणे
नझीहाबाईंना, न झालेल्या मोजणीचे आगाऊ घेतलेले: १५०
अल्लालकाकांना, आपल्याकडे परत आलेल्या पट्ट्यातल्या चार बदामाच्या झाडांचे: ते घेत नाहीत. म्हणतात, हद्दू येऊन ठरवील.
तुला, खर्च झालेले २,१२० आणि शिल्लक १२,४८०: सगळे. यम्माच्या हाती डबा परत दिला आहे.
तुला, परत मिळालेल्या सात पावलांतली तुझी अर्धी: साडेतीन पावले.

तुझ्याकडून माझ्या नावावर आलेले: ६००. अजून उचलले नाहीत. ते कशाचे आहेत हे तू लिहीपर्यंत ते जमेत धरायचे की देण्यात, मला कळत नाही. ती ओळ मी कोरी ठेवली आहे.

बूझियान